आधी वजनकाटा, मग शोरूम : खानदेशात कामासाठी पिकअप निवडण्याची पद्धत

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पिकअप घेण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच उलटा असतो. आधी शेजाऱ्याची गाडी बघायची, मग हप्ता विचारायचा, मग रंग ठरवायचा आणि गाडी दारात आल्यावर तिच्यात काय भरायचं ते बघायचं. विकणारा म्हणतो, “गाडी समदं उचली लेस, भाऊ.” उचलते हे खरं. पण उचललेला माल घेऊन चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचा, परत येताना तोच उतरायचा, वाटेत ब्रेक लागले पाहिजेत आणि चार वर्षांनी चेसिस शाबूत राहिली पाहिजे. त्याचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही, काट्यावर मिळतं.

खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिले दोन टप्पे गाळून पुढे गेलात तर बाकीच्यांचा उपयोग उरत नाही.

तयारी : घरातून निघण्याआधी

एक वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा. वर्षभरात कोणता माल, कोणत्या महिन्यात, कुठून कुठे जातो. त्या रस्त्यावर घाट, कच्चा रस्ता, शिवारातली काळी माती कुठे लागते. आणि गाडी कोण चालवणार : तुम्ही स्वतः, घरातलं कोणी, की पगारी ड्रायव्हर.

माल “साधारण” असा लिहू नका. “केळी, सावद्याहून, आठवड्याला तीन फेऱ्या” असं लिहा. “कधीमधी रेती” असेल तर तेही लिहा, कारण गाड्या मोडतात त्या अशा कधीमधीच्या कामांनीच.

टप्पा १ : मालाचं वजन किलोत काढा

पोती, घड, ब्रास ही मापं व्यवहाराला ठीक आहेत. गाडीच्या पाट्यांना (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांना) आणि टायरला फक्त किलो कळतात. म्हणून प्रत्येक मालाचं एका फेरीचं वजन किलोत उतरवा.

कांद्याची किंवा सिमेंटची गोणी ५० किलोची धरली तर २६ गोण्या म्हणजे १३०० किलो. केळीचा घड सरासरी २० किलोचा धरला तर ६५ घडांचे तेवढेच होतात, आणि चांगल्या बागेतला घड त्याहून जड भरतो. पाण्याचा हिशेब सरळ आहे : हजार लिटर म्हणजे एक टन, टाकीचं वजन वेगळं.

सगळ्यात मोठी चूक रेतीत होते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरड्या रेतीचा अर्धा ब्रास सव्वादोन टनांच्या घरात जातो आणि ओली असेल तर त्याहूनही पुढे. १३०० किलो पासिंगच्या (म्हणजे मंजूर भाराच्या) गाडीत “फक्त अर्धा ब्रास” टाकणारा माणूस ती जवळपास पावणेदोन पट भरत असतो. हौद्यात रेती निम्मीच दिसते, म्हणून डोळा फसतो.

कापसाचं याच्या उलट. मोकळा कापूस वजनाने हलका, पण जागा खाणारा. तिथे पासिंग पुरून उरतं आणि हौदा अपुरा पडतो. म्हणजे कापूसवाल्याची गरज आणि रेती-सिमेंटवाल्याची गरज या दोन वेगळ्या गाड्यांच्या गरजा आहेत. दोन्ही कामं करायची असतील तर वजनाचा हिशेब जड मालावरून आणि हौद्याचा हिशेब कापसावरून काढा.

तपासणी : वहीत सगळ्यात जड फेरी कोणती ते गोल करा. महिन्यातून निदान चार-पाच वेळा होणारी जड फेरी हाच तुमचा आकडा. वर्षातून एकदा होणाऱ्या कामासाठी मोठी गाडी घेऊ नका, त्या दिवशी भाड्याची लावा.

टप्पा २ : पासिंग वाचायला शिका

गाडीच्या आरसीवर दोन वजनं असतात. अनलॅडन म्हणजे रिकाम्या गाडीचं, लॅडन म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त मंजूर वजन. दोन्हींतला फरक म्हणजे पासिंग. पण तो सगळा तुमच्या मालाचा नसतो. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येनुसार रिकाम्या गाडीच्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात. म्हणजे दोघांचं वजन पासिंगमधून जातं. आरटीओत नोंदणी झाल्यावर बसवलेली लोखंडी जाळी, ताडपत्रीचे पाइप, जाड पत्र्याचं अस्तर, रस्से, ताडपत्री, रिकामे कॅरेट हे सगळंही त्यातूनच जातं. समजा लॅडन २९९५ आणि अनलॅडन १६९५, म्हणजे पासिंग १३००. दोन माणसांचे १४०, जाळी-पाइपचे १२०, ताडपत्री-रस्स्याचे ३० वजा करा. उरले १०१० किलो. केळीचे ५० घड झाले की गाडी भरली. ६५ वा घड टाकताना तुम्ही तीन क्विंटलने पुढे गेलेले असता.

म्हणून टप्पा १ मधल्या आकड्यात किमान अडीचशे ते तीनशे किलो मिळवा आणि तेवढ्या पासिंगची गाडी शोधा. १३०० किलो माल नेणाऱ्याने १३०० पासिंगची गाडी घेणं ही खानदेशातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

नावातल्या आकड्यांवरून अंदाज बांधू नका. महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या नावातला १.३, १.७ किंवा २.० हा टनातला भार आहे. टाटाच्या योद्धा २.० मधला आकडाही तसाच. इंजिनच्या लिटरशी त्याचा संबंध नाही. उलट टाटाचीच इंट्रा व्ही३० म्हणजे तीन टन नव्हे. तिची क्षमता १३०० किलो आहे आणि व्ही५० ची १५००. एकाच नावाच्या गाडीत हौद्याची लांबी, इंधन आणि केबिन बदललं की पासिंग बदलतं, म्हणून जाहिरात बाजूला ठेवून त्याच व्हेरियंटचा तांत्रिक तक्ता मागा.

दोन सीमारेषाही लक्षात ठेवा. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. काही मॉडेलांचं वजन मुद्दाम या रेषेच्या जरा खाली ठेवलेलं असतं ते यासाठीच. त्यापुढे परमिट काढावं लागतं. तो खर्च आणि खेटे आधीच हिशेबात धरा, पण केवळ परमिट वाचवायला छोटी गाडी घेऊन ती रोज जास्त भरू नका. दुसरी रेषा लायसन्सची. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पिकअप त्यात आरामात बसते.

इशारा : जादा भाराला कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये आहेत. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च तुमचाच. पिकअपच्या एका फेरीच्या भाड्याशी हा आकडा ताडून बघा.

टप्पा ३ : हौदा मोजा

शोरूमला जाताना मोजपट्टी न्या. हौद्याची आतली लांबी, रुंदी, फाळक्याची (हौद्याच्या कडेच्या उघडणाऱ्या पत्र्याची) उंची आणि जमिनीपासून हौद्याच्या तळाची उंची, असे चार आकडे स्वतः घ्या. चाकांवरचे उंचवटे हौद्यात किती घुसतात तेही बघा. कॅरेटच्या ओळी बसवताना तेवढ्या जागेनेच एक ओळ कमी होते. तुमचा एक रिकामा कॅरेट सोबत नेलात तर अर्ध्या शंका जागेवर मिटतात.

जळगावच्या पट्ट्यात पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या मालाची वाहतूक भरपूर. पाइप सहा मीटरचा, पिकअपचा हौदा मोठ्यात मोठा दहा फुटांच्या आसपास. म्हणजे पाइप केबिनच्या वरून किंवा मागे लटकत जाणार. बॉडीबाहेर पाइप किंवा सळई काढून नेणं नियमात बसत नाही आणि रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ते टोक दिसत नाही. हेच तुमचं मुख्य काम असेल तर पिकअपचा विचार सोडा आणि १४ किंवा १७ फुटी हौद्याची गाडी बघा.

माल हाताने चढवायचा असेल तर हौद्याच्या तळाची उंची फार महत्त्वाची. चार इंच उंच हौदा दिवसभर गोण्या टाकणाऱ्या हमालाच्या कमरेला कळतो.

डबल केबिन कामगार नेण्यासाठी सोयीची, पण तेवढा हौदा आखूड होतो. वेचणीला किंवा केळी काढायला माणसं रोज न्यायची असतील तरच घ्या. एक गोष्ट अगदी पक्की धरा : हौद्यात माणसं बसवायची नाहीत. मालासोबत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस केबिनमध्ये असणं वेगळं. लग्नाला, बाजाराला किंवा मजुरीला जाणारे लोक हौद्यात बसले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या जमिनीवर येते.

टप्पा ४ : तुमचा रस्ता बघून इंजिन, टायर आणि चाकं

वहीतला रस्ता काढा. तापीकाठच्या सपाट पट्ट्यात रावेर, यावल, चोपडा, अमळनेर इथे फिरणाऱ्या गाडीची गरज वेगळी. धुळ्याहून सुरतेला कोंडाईबारी उतरणाऱ्या, पळासनेरकडून बिजासन घाटाने सेंधव्याला जाणाऱ्या, किंवा तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव गाठणाऱ्या गाडीची वेगळी.

घाटाच्या कामाला हॉर्सपॉवरपेक्षा टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) बघा, आणि तो किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतो तेही बघा. कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क भरल्या गाडीला वळणावर पुन्हा उचलतो. जास्त आरपीएमला मिळणारा असेल तर ड्रायव्हरला सतत गिअर पाडावा लागतो आणि क्लच जळतो. तांत्रिक तक्त्यात ग्रेडेबिलिटी नावाचा टक्का असतो, म्हणजे गाडी किती तीव्र चढ चढू शकते ते. दोन गाड्या जवळपास सारख्या वाटल्या तर जिचा हा टक्का जास्त तिला घाटासाठी झुकतं माप द्या.

चढ मात्र अर्धीच गोष्ट. इंजिन कमी पडलं तर गाडी हळू चढते. ब्रेक कमी पडले तर गाडी दरीत जाते. म्हणून पुढच्या डिस्कचा आकार, मागच्या ड्रमचा आकार आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आहे की नाही हे प्रश्न मायलेजच्या आधी विचारा.

इशारा : घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करणं किंवा गाडी न्यूट्रल करणं आपल्याकडे सर्रास चालतं. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि इंजिनाची रोध शक्तीही जाते. ज्या गिअरमध्ये तो घाट चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. पगारी ड्रायव्हर ठेवताना ही अट पहिल्या दिवशी सांगा.

टायरकडे वळूया. टायरच्या बाजूला मापाच्या पुढे एक आकडा असतो, तो भार निर्देशांक. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. मागे दोनच टायर असलेल्या गाडीवर १०० निर्देशांकाचे टायर असतील तर मागच्या एक्सलवर (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) १६०० किलोच्या पुढे जाताच येत नाही, वर कितीही पाटे वाढवा. टायर बदलताना स्वस्त म्हणून कारचा टायर चढवणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

खानदेशचा उन्हाळा इथे थेट आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो, डांबर त्याहून कितीतरी तापतं आणि कमी हवेचा, जास्त भारलेला टायर आतून भाजत जातो. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा मागचा प्रेशर वेगळा असतो आणि तो पुस्तिकेत दिलेला असतो. दुपारी तापलेल्या टायरचा प्रेशर वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. थंड झाल्यावर तो टायर कमी हवेचा होतो आणि दुसऱ्या दिवशी फुटतो.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत रोज उतरायचं असेल किंवा सातपुड्यातल्या पाड्यांवर बाराही महिने जायचं असेल तरच घ्या. एरवी तिचं जादा वजन आणि देखभाल अंगावर पडते. बांधावर गाडी थांबवून माल तिथपर्यंत बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने आणणं बहुतेक शेतांना परवडतं. इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स यांसारख्या डौलदार फोर बाय फोर पिकअपचा मोह अनेकांना होतो. त्या गाड्या दणकट आहेत, पण खाजगी नंबरवर घेतलेल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं मारता येत नाही आणि कागदावरची त्यांची भारक्षमता मालवाहू पिकअपच्या जवळपासही नसते.

टप्पा ५ : इंधन

रोज शंभर-दीडशे किलोमीटर आणि घाट असेल तर डिझेल. शहरात आणि तालुक्याच्या आत सपाट फिरायचं, भार मध्यम आणि तुमच्या रोजच्या रस्त्यावर पंप असेल तर सीएनजी. निर्णयाआधी त्या रस्त्यावरचे सीएनजी पंप वहीत लिहा, रांग किती लागते ते एक दिवस स्वतः बघा. सीएनजीच्या टाक्यांचं वजन पासिंगमध्ये कसं धरलंय तेही तक्त्यात तपासा.

बीएस-६ डिझेल गाडीत धूर गाळणारी डीपीएफ यंत्रणा असेल तर तिला अधूनमधून सलग, तापून धावणं लागतं. सतत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याने डीपीएफचा दिवा आणि तो लागल्यावर काय करायचं हे डिलिव्हरीच्या दिवशीच समजून घ्यावं.

टप्पा ६ : मागे काही ओढायचं असेल तर

स्लॅबचा मिक्सर, जनरेटर, कॉम्प्रेसर, लग्नातला साउंडचा सेट, पाण्याची टाकी. आपल्याकडे पिकअपच्या मागे या गोष्टी सर्रास जोडलेल्या दिसतात आणि ओढकामाइतकी बेफिकिरी दुसऱ्या कशात नसते. हा टप्पा सावकाश वाचा.

पहिलं काम : पुस्तिकेत किंवा कंपनीच्या लेखी उत्तरात त्या मॉडेलची ओढक्षमता दिलेली आहे का ते बघा. मालवाहू पिकअप हौद्यातला भार पेलायला बनवलेली असते. तिने ट्रेलर किती ओढावा हे कंपनीने सांगितलंच नसेल तर “नाही” हेच उत्तर समजा. विक्रेत्याचं तोंडी “हो” चालत नाही.

दुसरं : क्षमता दिलेली असेल तर दोन आकडे वेगळे विचारा. ब्रेक असलेला ट्रेलर किती आणि ब्रेक नसलेला किती. दुसरा आकडा नेहमी खूप कमी असतो. कारण उतारावर ब्रेक नसलेला ट्रेलर गाडीला मागून ढकलतो आणि सगळं ओझं गाडीच्या चार चाकांच्या ब्रेकवर येतं.

तिसरं : ट्रेलरची दांडी हुकावर जेवढी खाली दाबते तेवढं वजन गाडीच्या पासिंगमधून जातं. एका एक्सलच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के दाब दांडीवर असावा. एक टनाच्या ट्रेलरला शंभर किलो. दाब फार कमी असेल तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झुलायला लागतो. फार जास्त असेल तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. हौदा भरलेला आणि मागे ट्रेलरही, असं एकत्र करू नका.

चौथं : हुक बंपरला किंवा मागच्या पातळ पट्टीला वेल्ड केलेला चालत नाही. तो चेसिसच्या दोन्ही लांब दांड्यांना बोल्टने धरलेला हवा. चेसिसवर गावातल्या वेल्डिंगवाल्याने टाके मारले की तिथलं पोलाद कमजोर पडतं आणि वॉरंटीचा प्रश्न येतो तो वेगळाच.

पाचवं : ट्रेलर हे कायद्याने वाहन आहे, त्याची स्वतःची नोंदणी लागते. मागचे दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर आणि पिन निसटली तरी धरून ठेवणारी साखळी, यांतलं काही नसेल तर रस्त्यावर नेऊ नका.

तपासणी : जोडल्यावर सपाट जागी गाडी बाजूने बघा. गाडी आणि ट्रेलर दोन्ही जमिनीशी समांतर दिसले पाहिजेत. दहा किलोमीटरवर थांबून पिन, साखळी आणि ट्रेलरचे हब (चाकांचे मधले भाग) हाताने तपासा. हब चटका देण्याइतका गरम असेल तर बेअरिंग गेलं आहे.

माझा सल्ला विचाराल तर, छोटा मिक्सर किंवा जनरेटर फळ्या लावून हौद्यातच चढवा आणि चारही बाजूंनी बांधा. एक टनाहून जड वस्तू शेतातून, कच्च्या रस्त्याने ओढायची असेल तर ट्रॅक्टर लावा. तो त्याच कामासाठी आहे.

टप्पा ७ : भरल्या गाडीची चाचणी

रिकामी पिकअप शोरूमभोवती फिरवून काहीही कळत नाही. डीलरकडे लोड ट्रायल मागा. धंद्याची गाडी विकणाऱ्याकडे डेमो गाडी असतेच, आणि जो भरून चालवू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. पासिंगएवढ्या गोण्या भरा. आधी काटा करा, मग निघा.

चढावर पूर्ण थांबा, हँडब्रेक ओढा आणि ब्रेकवरचा पाय उचला. गाडी जागची हलता कामा नये. मग तिथूनच पहिल्या गिअरमध्ये निघा. क्लचचा वास आला किंवा गाडी मागे सरकली तर लिहून ठेवा. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरत दर वळणाआधी ब्रेक मारा. पाचव्या-सहाव्या वळणाला पेडल पहिल्यासारखंच घट्ट लागतंय का, की खाली जायला लागलंय? जळक्या लायनिंगचा वास येतोय का? धुळ्याचा माणूस असाल तर लळिंगचा घाट यासाठी जवळ आहे. चाळीसगावचा असाल तर कन्नडच्या घाटाएवढी चांगली परीक्षा नाही.

गाडी ज्याला चालवायची आहे त्यालाच चालवायला द्या. सीट, पेडल, आरसे त्याच्या अंगाला बसले पाहिजेत.

टप्पा ८ : जुनी घेत असाल तर

आधी गाडीखाली जा, इंजिन नंतर बघा. हौद्याखाली, मागच्या पाट्यांचा पुढचा ब्रॅकेट जिथे चेसिसला जोडलेला असतो तिथला चिखल पेचकसाने खरवडा. केसाएवढी भेग, वेल्डिंगचा जाड टाका किंवा तेवढ्याच जागी मारलेला ताजा काळा रंग दिसला तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. मग एक्सलच्या वर लावलेले रबरी ठोकळे बघा. ते फाटलेले किंवा त्यांच्या समोरचं लोखंड घासून चकचकीत झालेलं असेल, तर ती गाडी वर्षानुवर्षं जादा भरलेली आहे. दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. मूळ संख्येपेक्षा जास्त असतील तर मालकाने “पाटा वाढवून” भार वाढवला आहे. पाटा वाढवला म्हणून एक्सल, ब्रेक, टायर आणि चेसिस वाढत नाहीत, त्यांचं आयुष्य मात्र तेवढं घटतं.

डिफरन्शिअलला (मागच्या एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याला) तेल पाझरतंय का, केबिन आणि हौद्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, मागचे टायर आतून जास्त झिजलेत का हेही बघा.

कागदांत आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे का ते तपासा. असेल तर कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आणत असाल तर फॉर्म २८ ची एनओसी. सुरत किंवा सेंधव्याकडून स्वस्तात मिळालेल्या गाडीवर महाराष्ट्राचा कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो. तो खर्च मिळवूनच स्वस्त की महाग ते ठरवा. थकलेली चलनं परिवहन ॲपवर गाडीच्या नंबराने दिसतात.

टप्पा ९ : हप्ता आणि विमा

हप्ता कापसाच्या मोसमातल्या कमाईवर ठरवू नका. दिवाळीनंतर दोन-तीन महिने भाडी ओसंडून वाहतात, पण जून ते सप्टेंबरात अनेक गाड्या दारात उभ्या असतात. तुमच्या सगळ्यात मंद महिन्याच्या भाड्यातून डिझेल, ड्रायव्हर आणि देखभाल काढून जे उरतं त्यात हप्ता बसला पाहिजे. टायर, विमा आणि फिटनेससाठी दर महिन्याला वेगळी रक्कम बाजूला ठेवा.

नव्या मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली दोन वर्षं चालतं. आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. म्हणून सात वर्षांची जुनी गाडी घेणाऱ्याने लवकरच दरवर्षीचे खेटे सुरू होणार हे धरून चालावं.

विमा घेताना आयएमटी-२३ हे कलम जोडलंय का ते विचारा. ते नसेल तर मालवाहू गाडीच्या दिवे, बंपर, मडगार्ड, टायर यांच्या किरकोळ मोडतोडीचे पैसे मिळत नाहीत, आणि आपल्या रस्त्यांवर तुटतं ते हेच. पगारी ड्रायव्हर आणि क्लीनर यांचं दायित्वही पॉलिसीत वेगळं नोंदवून घ्या.

टप्पा १० : गाडी ताब्यात घेताना

पैसे देण्याआधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवा. टायरवरचा चार आकडी कोड बघा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. पाचही टायरचा काळ जवळपास सारखा हवा, स्टेपनी जुनी नको. जॅक आणि पाना गाडीत आहेत का ते उघडून बघा, आणि तो जॅक भरल्या गाडीला पुरेल का हेही विचारा.

हौद्यावर जाळी किंवा उंच फाळके बसवायचे असतील तर आरटीओत नोंदणी होण्याआधी बसवा. म्हणजे त्यांचं वजन आरसीवरच्या रिकाम्या वजनात येतं आणि तुम्हाला खरं पासिंग कळतं.

पहिली भरलेली फेरी थेट बाजार समितीत नेऊ नका, वाटेत भुईकाट्यावर थांबा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, मग संपूर्ण गाडी. पूर्ण वजनातून पुढचं वजा केलं की मागच्या एक्सलवरचं मिळतं. ते मागच्या दोन टायरच्या मिळून क्षमतेपेक्षा कमी आहे का, आणि पुस्तिकेतल्या एक्सलच्या मर्यादेत आहे का ते बघा. एकूण वजन बरोबर असूनही मागचा आकडा जास्त येत असेल तर माल मागच्या फाळक्याकडे जास्त गेलेला आहे. जड गोण्या केबिनकडे सरकवा, हलका माल मागे घ्या आणि पुन्हा काटा करा. दोन-तीन प्रकारच्या मालाचे हे आकडे घेऊन ते कागदावर लिहा आणि केबिनमध्ये चिकटवा. हमालाला किती गोण्या टाकायच्या हे त्या कागदावरून सांगायचं.